झाडाची सवत

चोर आहात तुम्ही! परक्या भाषांचे धडे लिहिणारे, ते फोनवर विकणारे, बरोबर उत्तराला हिरवी खूण दाखवून टुंग वाजवणारे, तुम्हालाच म्हणतोय. मागे वळून बघू नका! धडा पहिला, हे सफरचंद आहे. धडा दुसरा, स्टेशन कुठे आहे. धडा तिसरा, माझ्या काकांकडे पांढरी मांजर आहे. अरे, सफरचंदावरून कुणाचा संसार मोडलाय का आजवर? संसार मोडतो तो "हा कोण?" एवढ्यावरून! ते दात-ओठ खाऊन कसं म्हणायचं, कुठे म्हणायचं, आणि मुख्य म्हणजे कुठे चुकूनही म्हणायचं नाही, हे तुम्ही कधी शिकवलंत? नाही शिकवलंत. मग माणसं स्वतःच शिकायला जातात. टार्निटला राहणारा प्रज्ञेश गेला. त्याचं काय झालं ते आता गप्प बसून ऐका.

प्रज्ञेश नागपूरचा. पुण्यात काही वर्षं कोडिंग करून मेलबर्नला आला आणि टार्निटच्या नव्या वसाहतीत घर घेऊन बसला. स्वभावाने इतका थंड, की त्याच्याशेजारी ठेवलेलं दूध उन्हाळ्यातही नासलं नसतं! त्याचं लग्न ठरत आलं होतं जेसाशी. जेसा फिलिपिन्सच्या बोहोल बेटावरची, वेरिबीला म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स. तिची माणसं सिबुआनो बोलतात. प्रेमही त्याच भाषेत आणि भांडणही त्याच भाषेत. प्रज्ञेशशी मात्र सगळं इंग्रजीत.

जेसाची गाडी बिघडली आणि तिच्या कामावरचा रोडेल तिला रोज शिफ्टनंतर तिच्या घरी, कधी प्रज्ञेशच्या दारात सोडायला लागला. रोडेल तिच्याच बेटावरचा. खांदे कपाटाच्या दारांसारखे, गळा असा की कॅरिओकेचं मशीन लाजावं. दुसऱ्या कुणी निदान पडद्याआडून बघितलं असतं. प्रज्ञेशने दार उघडून त्याला चिवड्याचा डबा दिला!

एका संध्याकाळी जेसा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला काहीच वाटत नाही?"

"कशाबद्दल?"

"रोडेलबद्दल!"

"चांगला माणूस आहे. डबा धुऊन परत देतो."

जेसाने डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाली, "डार्विनच्या हॉस्पिटलने मला बोलावलंय. पुढच्या रविवारी उत्तर द्यायचंय. तुला काही म्हणायचंय?"

"तुझं करिअर, तू ठरव. माझा पूर्ण ट्रस्ट आहे."

आपल्याकडे याला मोठं मन म्हणतात. जेसा बाथरूममध्ये जाऊन रडली.

बाहेर आल्यावर तिनेच समजावलं. तिच्या भाषेत शेजाऱ्याच्या मोठ्या गाडीवर जळायला वेगळा शब्द आहे, आणि आपल्या माणसावरून जळायला वेगळा. तो दुसरा शब्द दुसऱ्या कशालाही वापरत नाहीत. नांगाबुघो. "नांगाबुघो को, मी जळतोय, असं आमच्याकडे तोंडावर सांगतात. ओरडून सांगतात. जो सांगत नाही, त्याला फरक पडत नाही. मी रविवारपर्यंत थांबते, प्रज्ञेश."

प्रज्ञेशच्या घरात ही पद्धतच नव्हती. त्याची आई कांताबाई शाळेत शिक्षिका होती, तेव्हा एक सहकारी तिला महिनाभर स्कूटरवरून घरी सोडायचा. वडील शिवराम एक शब्द बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी स्वतःची स्कूटर पुसायला लागले. संपलं! ह्या घराण्यातली जळण्याची ती परमावधी!

पण आता प्रश्न जेसाचा होता. डार्विन म्हणजे देशाचं दुसरं टोक. ती तिकडे गेली की गेली. प्रज्ञेशने छाती फुगवून आईला सांगितलं, "आई, रविवारी मी तिच्याच भाषेत असा जळून दाखवतो, की टार्निटभरचे स्मोक अलार्म वाजतील!"

कांताबाई सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आधी तव्यावरची पोळी जळून राहिली ना बाबू, ते बघ."

मग त्याने तुमचं ते ॲप उघडलं. फ्रेंच होतं, जर्मन होतं, कुणीही कुठेच बोलत नाही अशाही भाषा होत्या. सिबुआनो नव्हतं! कोट्यवधी माणसं ज्या भाषेत एकमेकांचे केस ओढतात, ती तुमच्या यादीत नाही! प्रज्ञेशला सिबुआनो बोलणारी दोनच माणसं ठाऊक. एक जेसा. दुसरा कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये रोडेलने विचारलं, "जळायचंय? कुणावर?"

"तुझ्यावर."

रोडेलने क्षणभर विचार केला. "ओके मेट. नो वरीज."

आणि त्याने शिकवलं! ज्याच्यावर जळायचं त्यालाच गुरू करणारा माणूस तुम्हाला आमच्याखेरीज कुठे मिळणार नाही. तीन वाक्यं. किन्सा ना सिया, तो कोण आहे? आकोआ रा का, तू फक्त माझी आहेस. आणि शेवटी, छातीवर हात आपटून, नांगाबुघो को!

"असं नाही, ब्रदर! तू वायफायचा पासवर्ड मागितल्यासारखं बोलतोयस. एकटा जा कुठेतरी. जोरात म्हण. समोर कुणीतरी आहे असं समजून म्हण."

समोर कुणीतरी आहे असं समजून. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

घरात आई. गाडीत बसून ओरडावं तर शेजारी पोलिसांना फोन करायचे. म्हणून प्रज्ञेश गेला झाडाकडे.

त्या वसाहतीत सगळं नवंकोरं. गल्ल्यांना झाडांची नावं, आणि झाडं म्हणाल तर काठीला बांधलेली हातभर रोपं. जुनं असं एकच, गल्लीच्या टोकाला मोकळ्या गवतात एकटा उभा असलेला रेड गम, म्हणजे तिकडचा निलगिरी. घरं बांधणाऱ्यांनी तो का सोडला, कुणी सांगत नाही. बुंधा एवढा, की मागे तिघे उभे राहिले तरी दिसू नयेत. पोरं तिथे खेळत नाहीत. कुत्री फिरायला निघाली की तिथून साखळी ताणून कडेकडेने जातात. पांढरे काकाकुवे अख्ख्या टार्निटच्या छपरांवर कल्ला करतात, पण त्या झाडाला वळसा घालून उडतात. प्रज्ञेशने हे सगळं कधीपासून पाहिलेलं होतं. मनात आलं काय, तर जागा शांत आहे!

तिकडे उन्हाळ्यात तिन्हीसांज होते रात्रीच्या जेवणानंतर. प्रकाश तांबडा झालेला, घरांची काचेची तावदानं पेटल्यासारखी. प्रज्ञेश झाडासमोर उभा राहिला, घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटला. काही झालं नाही. फक्त दूरच्या हायवेचा आवाज अचानक बंद झाला, कुणी खिडकी लावून घ्यावी तसा. त्याला वाटलं, ट्रॅफिक कमी झाला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याला जमायला लागलं. आवाज पोटातून यायला लागला. वारा चांगला सुटला होता, गवत आडवं झालं होतं, पण झाडाचं एक पानही हलत नव्हतं. एकच पान गळलं. वाऱ्याबरोबर न जाता सरळ खाली आलं आणि त्याच्या बुटावर पडलं. त्याने ते उचलून खिशात ठेवलं. कसली ही अक्कल! पडलेली वस्तू उचलून खिशात घालणारा माणूस आयटीत कसा टिकतो?

तिसऱ्या संध्याकाळी तो रंगात आला. बोट रोखून म्हणाला, "किन्सा ना सिया?" दोन्ही हात पसरून म्हणाला, "आकोआ रा का!" मग छातीवर हात आपटून, डोळे मिटून, खरंच जेसा गेली तर काय, हे मनात आणून ओरडला, "नांगाबुघो को!"

बुंध्यामागून एका बाईचा आवाज आला. हळू, अगदी जवळून, जिना चढून दमल्यासारखा.

"आको पुद."

प्रज्ञेशला वाटलं, वसाहतीतली कुणी फिलिपिनो बाई फिरायला आली असेल आणि त्याने तिला उगाच घाबरवलं. तो शरमला. "सॉरी! सो सॉरी! प्रॅक्टिस चालली होती!" म्हणत तो बुंध्याला वळसा घालून मागे गेला.

मागे कुणी नव्हतं. चहूबाजूंना मोकळं गवत, आणि एवढ्या गवतात एकाही पावलाची खूण नाही.

बुंध्याच्या दुसऱ्या बाजूने, जिथे तो आत्ता उभा होता तिथून, पुन्हा आलं. "आको पुद."

"नो वरीज!" एवढं म्हणून प्रज्ञेश जो पळाला, तो घरातल्या फ्रिजला धडकूनच थांबला!

धापा टाकत त्याने रोडेलला फोन लावला. "आको पुद म्हणजे काय?"

"मीसुद्धा. का रे?"

मीसुद्धा जळतेय.

त्यानंतर दारावरची कॅमेऱ्याची बेल रोज तिन्हीसांजेला फोनवर निरोप धाडायला लागली. *दारात एक व्यक्ती आहे.* उघडून बघावं तर पायपुसण्यावर रेड गमची पानं, टोकं सगळी घराकडे. फ्रिजवर लावलेला जेसाचा फोटो रोज उपडा. प्रज्ञेश सरळ करायचा, पाठ वळली की उपडा. जेसाच्या कपाला तडा गेला, आत चहा नसताना!

कांताबाईंनी तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेलं. "आपल्या घरात असलं काही मानत नाहीत. काय ते झाड? मी पाहून येते!" म्हणत त्या पदर खोचून तरातरा निघाल्या. थोड्या वेळाने परत आल्या त्या सावकाश. एका पायात चप्पल नव्हती. ग्लासभर पाणी प्यायल्या.

"काय होतं आई?"

"काही नाही. झाड आहे." मग ग्लास विसळून ठेवला. "तू उद्यापासून तिकडे जाऊ नको."

"आणि चप्पल?"

"असू दे तिला."

"कुणाला?"

कांताबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी रोडेल जेसाला घेऊन आला. जेसा गाडीतून उतरून दोन पावलं चालली असेल, तोच मागे धाड्कन आवाज! जिथे तिचं पाऊल होतं तिथे माणसाच्या मांडीएवढी फांदी पडलेली. आता मला सांगा, गल्लीच्या टोकाचं झाड, आणि फांदी दारात! मध्ये सगळी घरं! प्रज्ञेशचा चेहरा पाहून जेसा म्हणाली, "तू काय केलंयस?"

त्याने सगळं सांगितलं. जेसा ओरडली नाही, हसली नाही. तिने सरळ बोहोलला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिला सगळे नानाय म्हणतात. नानायने ऐकलं, क्रॉसची खूण केली आणि प्रज्ञेशकडे असं बघितलं, जसं डॉक्टर आधी एक्सरेकडे आणि मग पेशंटकडे बघतात. ती बोलत होती, जेसा सांगत होती.

"जुन्या झाडात राहणारे असतात. त्यांचं नाव घेत नाहीत. 'आपल्यासारखे नसलेले' एवढंच म्हणतात. तिन्हीसांजेला तू झाडासमोर उभा राहून कुणालातरी 'तू माझी आहेस' म्हणालास. समोर दुसरं कोण होतं?"

"पण हे ऑस्ट्रेलिया आहे! ते तर फिलिपिन्समधले ना?"

नानायने उत्तर दिलं. जेसाने नाइलाजाने सांगितलं, "ती म्हणते, त्यांना व्हिसा लागत नाही."

मागून कांताबाई फोनमध्ये डोकावल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला सिबुआनो. दोघींनी प्रज्ञेशकडे बघितलं, मग एकमेकींकडे, आणि एकदमच कपाळावर हात मारला. तिथून त्यांचं भाषेवाचून जमलं.

उपाय साधा होता. रविवारी तिन्हीसांजेला झाडाकडे जायचं, माफी मागायची. बिनमिठाचा भात आणि कोंबडी पानावर ठेवायची. ते शब्द जिच्यासाठी होते, तिला तिथेच, झाडाच्या साक्षीने म्हणायचे, म्हणजे झाडातलीला कळेल. मग मागे न बघता यायचं. आणि नानायने बोट हलवून पुन्हा पुन्हा बजावलं. पानावरच ठेवायचं. घरातलं काहीही तिथे सोडायचं नाही.

बिनमिठाची कोंबडी! नागपूरच्या बाईला हे सांगणं म्हणजे गवयाला मुक्याने गा म्हणण्यासारखं. कांताबाई रविवारभर धुसफुसत होत्या. "पाहुण्याला काय अळणी घालतात बाप्पा? आणि पानावर रस्सा थांबते का?"

तिन्हीसांजेला निघाली वरात. पुढे प्रज्ञेश, मग जेसा, तिच्या हातातल्या फोनवर नानाय, मागे कांताबाई पिशवी घेऊन, आणि शेवटी रोडेल, कारण ज्याच्यावर जळायचं तो समोर हवा. झाडाजवळ पोचले आणि हायवेचा आवाज बंद झाला. ह्या वेळी सगळ्यांनाच कळलं. बुंध्यापाशी कांताबाईंची चप्पल होती. नीट पुसून, पाय घालता येईल अशी वळवून ठेवलेली.

"म्हण," जेसा कुजबुजली.

प्रज्ञेशने घसा खाकरला. "ॲक्च्युअली, जेसा, मला थोडंसं असं फील होतं की..."

फोनवर नानायने डोळे फिरवले. झाडात वर काहीतरी सरकलं. जेसाच्या केसांवर एक पान पडलं, मग दुसरं, मग पानांचा सडाच पडायला लागला, फक्त तिच्यावर! बाकी कुणावर एक नाही! पानं तिच्या गळ्याशी, तोंडाशी येऊन चिकटायला लागली. प्रज्ञेशला शब्द आठवेनात. तिन्ही वाक्यं डोक्यातून धुऊन निघाली होती. रोडेल मात्र पुढे झाला, त्याने जेसाचा खांदा धरून तिला जवळ ओढलं आणि तिच्या गालावरची पानं हाताने बाजूला करायला लागला. अगदी हळुवार, सवयीचं असल्यासारखं.

आणि प्रज्ञेशच्या आत शिवरामांनी चाळीस वर्षं पुसलेली स्कूटर एका किकेत सुरू झाली!

"हात काढ बे! कोण आहे बे हा? हात काढ म्हणलं ना तिच्यावरून! माझी आहे ती! चिवडा काय खाल्ला फुकटचा, अंगावरच येऊन राहिला! मी जळून राहिलो आतून, दिसत नाही का कोणाले!"

अख्ख्या वसाहतीतली कुत्री भुंकायला लागली. पानं थांबली. रोडेल हात वर करून चार पावलं मागे सरकला आणि डोळे पुसायला लागला. "ब्यूटिफुल, ब्रदर! बघ, पासवर्ड अजिबात नाही वाटला!"

जेसाला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. तिने कुणाला विचारलंही नाही. केसांतली पानं तशीच ठेवून तिने प्रज्ञेशच्या शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. "डार्विनला नाही म्हणून सांगते. आत्ताच सांगते."

कांताबाई झाडाच्या बुंध्याकडे बघत पुटपुटल्या, "तुझ्या बाबांनी एकदा तरी असं म्हणायचं होतं. मी वाट पाहून राहिली होती." मग चप्पल पायात घालून, पिशवी रिकामी करून त्या निघाल्या. कुणी मागे बघितलं नाही. सगळं सुरळीत झालं.

इथे तुमचा धडा संपला असता. हिरवी खूण, टुंग!

सोमवारी सकाळी प्रज्ञेशने दार उघडलं तर पायपुसण्यावर स्टीलचा डबा. घासूनपुसून लख्ख.

"आई, हा इथे कसा?"

कांताबाईंचा चेहरा उतरला. "पानावर रस्सा सांडला असता ना रे. म्हणून डब्यातच ठेवलं मी."

प्रज्ञेशने डबा उलटा केला. बुडावर कोरलेलं होतं, *चि. प्रज्ञेश याच्या नामकरणानिमित्त.* अक्षर अक्षर करून अख्खं नाव त्यांनी तिच्या हातात दिलं होतं!

कांताबाईंनी झाकण काढलं. डबा रिकामा नव्हता. आत कोवळी, ताजी पानं, एकावर एक रचलेली. आणि तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेली ती बाई, इलाजच नव्हता तिचा, तोंडातून निघूनच गेलं तिच्या, "रिकामा नाही दिला हो. वळण आहे."

झालं! भरलेला डबा गेला, भरलेला डबा आला. आपल्याकडे याचा काय अर्थ होतो, हे तुम्हाला नाही, पण वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. जेसाने बोहोलला फोन लावला. नानायने डबा पाहिला आणि फोन ठेवून दिला.

त्या तिन्हीसांजेला जेसा स्वयंपाकघरात चहा करत होती. फोन थरथरला. *दारात एक व्यक्ती आहे.* पडद्यावर रिकामी पायरी, तांबडा उजेड. मग दारावरच्या त्या छोट्या डबीतून बाईचा आवाज आला. हळू, अगदी जवळून, जिना चढून दमल्यासारखा. आणि सिबुआनोत नाही. अस्सल नागपुरी!

"कोण आहे बे ही?"

प्रज्ञेश म्हणाला होता, 'कोण आहे बे हा.' नुसता प्रतिध्वनी असता तर 'हा' ऐकू आलं असतं. तिने स्वतःचं स्वतः वाक्य केलं. एका संध्याकाळीत, एकदा ऐकून. ना ॲप, ना धडा, ना पांढरी मांजर!

तर भाषा शिकवणारे साहेबलोक हो, तुम्हाला एवढंच विचारायचंय. प्रज्ञेश दाराच्या आत उभा आहे. त्याच्या एका हातात डबा आहे आणि दुसरा हात जेसाने घट्ट धरलाय. कांताबाई म्हणतायत, आता डबा रिकामा परत कसा द्यायचा? बेल पुन्हा वाजतेय. अशा वेळी दाराबाहेरचीला काय म्हणायचं, हे तुमच्या कुठल्या धड्यात आहे? पान नंबर सांगा! सफरचंदं राहू द्या बाजूला. उत्तर द्या!